कंगवा, कपटे आणि मोटर



आठवीत बाईंनी केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलून दाखवले. मी आगाऊपणे विचारलं, "वही उचलत नाही, मग उपयोग काय?" वर्ग हसला. बाई एवढंच म्हणाल्या, "कपटाच का उचलतो, ते शोध."

१९८८ साली अमेरिकेत, बर्कलीच्या विद्यापीठात, सिलिकॉनची मोटर फिरली. चाक साधारण केसाच्या जाडीएवढं! तारेचं वेटोळं नाही, लोहचुंबक नाही. भोवतीच्या पट्ट्यांना पाळीपाळीने विद्युतदाब दिला, की चाक त्या ओढीमागे फिरतं. वस्तू लहान होते तसं वजन झपाट्याने घटतं. ही ओढ तेवढी घटत नाही. म्हणून कपटा उचलतो, वही नाही.

बाई, आज तुम्ही समोर आहात. उत्तराला उशीर झाला, माफ करा.