२ चं वर्गमूळ बसतं कुठे?

मोबाइलवर २ चं वर्गमूळ काढा. १.४१४२१३५६... स्क्रीन संपते, आकडे संपत नाहीत. मग ही संख्या संख्यारेषेवर नेमकी दाखवायची कशी? सांगतो. ० पासून १ पर्यंत जा. तिथे तेवढ्याच लांबीचा लंब उभा करा. त्याचं टोक ० ला जोडा. झाला काटकोन त्रिकोण! पायथागोरसच्या प्रमेयानुसार कर्णाचा वर्ग १ अधिक १, म्हणजे २. आता कंपासचं टोक ० वर ठेवा, कर्णाएवढं अंतर घ्या आणि कंस रेषेवर उतरवा. छेदला तो बिंदू म्हणजेच २ चं वर्गमूळ. त्याच बिंदूवर पुन्हा १ चा लंब काढला, की पुढचा कर्ण ३ चं वर्गमूळ देतो. दशांशात कधीच पुरी न होणारी संख्या, पण रेषेवर तिची जागा पक्की! काढा वही, करून बघा.