पोरगी गाणं म्हणायची थांबली, तेव्हा

 

आज आम्ही पापडांचा हिशेब किंवा कर्जाचा हप्ता घेऊन आलेलो नाही. आज बोलायचंय वयात आलेल्या मुलामुलींच्या प्रेमाबद्दल. हा विषय गटाच्या बैठकीत निघतो तो बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात. आज जरा मोठ्यानं बोलूया.

परवा आमच्या गटातल्या काहीजणींनी मिळून 'सैराट' पुन्हा पाहिला. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी आला. अजय-अतुल यांची गाणी तर प्रत्येक हळदीत वाजली. आपणही नाचलो की! त्या संगीतासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद बसवला होता, आणि ते वाजलं आपल्या मांडवात, बेंजोवर. आर्चीचं काम करणारी अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा शाळेत होती, पंधरा वर्षांचीही झाली नव्हती. दहावीची परीक्षा तिनं चित्रपटानंतर दिली.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हाला गाणीच आठवत राहिली. या वेळी मात्र शेवट पाहिला. सुरुवातीला एवढी गाणी असलेल्या त्या चित्रपटात शेवटी आवाजच नाही. माहेरची माणसं घरी येतात, पोरगी त्यांना चहा देते, आणि ती माणसं तिचा नि तिच्या नवऱ्याचा जीव घेऊन जातात. मागे उरतं एक लहान लेकरू. चित्रपट संपला तरी आमच्यातली कुणी उठेना. मग एकजण म्हणाली, "आपण पण एका पोरीचा आवाज बंदच करायला निघालो होतो ना गं?"

तीच गोष्ट आज सांगायचीय. त्या घराला विचारून सांगतोय, नावं मात्र सांगणार नाही.

मुलगी पेणकडची. बारावीत, वय सतरा पूर्ण. गणपतीच्या सीझनला गावातल्या कारखान्यात रंगकामाला जायची. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शिकत होती. हात स्थिर, आणि गळाही गोड. त्याच कारखान्यात रोह्याकडचा एक मुलगा कामाला आला. वीस वर्षांचा. त्याच्या गावात गौरी-गणपतीला जाखडीचा नाच असतो, त्यात तो ढोलकी वाजवायचा. कारखान्यात दिवसभर गाणी लागलेली असतात. ही गुणगुणायची, तो रंगाच्या डब्यावर ठेका धरायचा. सुरुवात एवढीच. पुढे सीझन संपला, तो दिवा-रोहा गाडीनं घरी गेला, आणि फोनवर गाणी यायला-जायला लागली.

आईला कळलं ते फोनमुळेच. मग जे होतं ते झालं. फोन काढून घेतला, कॉलेज बंद, कारखाना बंद. मामा आला, म्हणाला, "गावात बोभाटा व्हायच्या आत उरकून टाका." आणि मैत्रिणींनो, इथे आमची चूक कबूल करतो. आम्ही गटातल्या बायका त्या आईच्या पाठीशी उभ्या राहिलो खऱ्या, पण कशासाठी? स्थळ शोधायला! आमच्यातल्याच एकीनं अलिबागकडचं स्थळ सुचवलं. पोरीला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. तिला अठरा व्हायला सात महिने बाकी आहेत, हे माहीत असून आम्ही गप्प बसलो.

पोरीनं भांडण केलं नाही. ती नुसती गाणं म्हणायची थांबली. त्या वर्षी गौरीपुढे सगळ्यांनी फेर धरला, ही भिंतीला टेकून बसली. आम्ही म्हटलं, होईल सरळ.

तिच्या आजीला मात्र राहवेना. आजी एके काळची धवलारीण. आपल्या आगरी लग्नांत भटजीच्या मंत्राआधी मान असायचा धवला गाणाऱ्या बाईचा, हे जुन्या बायकांना सांगायला नको. आजीनं एका रात्री नातीला जवळ घेतलं नि विचारलं, "बाय, कंचा गाना धारलाय त्यानी? मना बी आयकव."

आईकडून फोन मागून घेतला. गाणं लावलं. आवाज नातीचाच होता. आजीकडून लहानपणी ऐकलेला हळदीचा धवला ती कधीतरी गुणगुणली होती, आणि त्या मुलानं त्याखाली ढोलकी धरली होती. आजी ऐकत राहिली. म्हणाली, माझं गाणं माझ्या लेकीनं घेतलं नाही, सुनेनं घेतलं नाही, आणि जिनं घेतलं तिचंच तोंड तुम्ही बंद केलंत.

दुसऱ्या दिवशी ती आई आमच्याकडे आली. या वेळी आम्ही आधी ऐकलं, मग बोललो. अलिबागच्या स्थळाला नाही कळवलं. मामा चिडला, दोन महिने घरी आला नाही. रोह्याला मुलाच्या आईवडिलांकडे आमच्यातल्या तिघीजणी गेल्या. भांडायला नाही, बोलायला. दोन्ही घरांत ठरलं ते असं: मुलगी बारावी पूर्ण करेल. लग्नाचा विषय आत्ता नाही. पळून जायचं नाही, आणि घरच्यांनी कोंडायचं नाही. बोलायचं तर घरच्यांना माहीत असताना.

ही अट का घातली, तेही ऐका. लग्नाला मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण हवं. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात असं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दुसरा कायदा 2012 चा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो. अठराच्या आतल्या मुलीची संमती त्यात धरली जात नाही. "आमचं प्रेम होतं" म्हणून पोरगा सुटत नाही. पोरांना हे कुणी सांगत नाही. आम्ही त्या मुलाला समोर बसवून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं ऐकलं.

आणि दोघं कायद्याच्या वयाची झाली की? मग जोडीदार निवडायचा हक्क त्यांचा. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय, दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची, जातीची किंवा पंचायतीची परवानगी लागत नाही. आपल्याला राग येऊ शकतो, रडू येऊ शकतं. हात उचलायचा अधिकार नाही.

काहीजणी म्हणतील, हे सगळं मोबाईलनं आणलं. मैत्रिणींनो, मोबाईल आला काल. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत काय नाही? माहेर आहे, सासुरवास आहे, नवऱ्यावरची माया आहे. जे तोंडानं बोलता येत नव्हतं, ते आपल्या आज्यांनी जात्याला सांगितलं. पोरी ते फोनला सांगतात. जातं ऐकून घ्यायचं. आपण ऐकतो का?

म्हणून आमच्या गटानं चार गोष्टी ठरवल्यात. पटल्या तर तुम्हीही ठरवा. एक, पोरीचं काही कळलं तर पहिल्या दिवशी फक्त ऐकायचं, निर्णय घ्यायचा नाही. दोन, अठराच्या आतल्या लग्नाला आपल्यातली कुणी हळद लावायला जायचं नाही. असं लग्न ठरतंय असं कळलं तर ग्रामसेवकांना सांगायचं किंवा 1098 वर फोन करायचा. तीन, शिक्षण थांबवणं ही शिक्षा म्हणून वापरायची नाही. चार, हे सगळं मुलग्यांनाही सांगायचं. पोरींनाच किती सांगणार?

त्या दोघांचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. मुलगी बारावी पास झाली, आता नर्सिंग शिकतेय. मुलगा धाटावच्या एमआयडीसीत कामाला लागलाय. लग्न करतील का? ते दोघं ठरवतील. कदाचित करतील, कदाचित दोघांच्या वाटा वेगळ्या होतील. मामा मात्र गेल्या गणपतीला घरी आला.

आणि गौरीच्या रात्री पोरगी फेरात उतरली. आजीनं धवला धरला, तिनं पुढची ओळ उचलली.

येत्या बैठकीत वहीखाते मिटल्यावर लगेच उठू नका. एकमेकींना विचारा, आपल्या घरातली पोर शेवटचं कधी गुणगुणली? आणि घरी गेल्यावर तिला म्हणा, मलाही ऐकव.

भेटूया पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.