लेफ्टीचा जामीन

गुन्हेगारांच्या टोळीत शिरलेल्या पोलिसाची कथा म्हटली, की 'तो पकडला जाईल का?' हीच आपल्याला धास्ती असते. १९९७ सालचा 'डॉनी ब्रास्को' पाहताना मला मात्र दुसऱ्याच माणसाची काळजी लागली.

माइक न्यूवेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सत्यकथेवर बेतला आहे. एफबीआयचा अधिकारी जो पिस्टोन १९७६ ते १९८१ या काळात 'डॉनी' हे नाव घेऊन न्यूयॉर्कच्या माफियात वावरला. जॉनी डेपने ही भूमिका केली आहे. त्याला टोळीत आणणारा लेफ्टी म्हणजे अल पचिनो. जन्मभर टोळीची चाकरी करून मागेच राहिलेला हा माणूस. 'हा माझा माणूस' असे सांगून तो डॉनीचा जामीन होतो. टोळीचा कायदा साधा आहे. आणलेला माणूस पोलिस निघाला, तर आणणाऱ्याचा जीव जातो. म्हणजे डॉनी कर्तव्यात जितका यशस्वी, तितके लेफ्टीचे मरण जवळ!

शेवटी लेफ्टीला बोलावणे येते. अंगावरच्या मौल्यवान वस्तू तो खणात ठेवतो, बायकोच्या नजरेस पडाव्यात म्हणून खण किंचित उघडा सोडतो आणि निघतो. इकडे डॉनीला पदक आणि ५०० डॉलरचा धनादेश मिळतो.

खरा लेफ्टी वाचला, कारण मारेकऱ्यांआधी एफबीआयने त्याला गाठले. पण चित्रपटातला प्रश्न उरतोच. कायदा जिंकला, हे योग्यच झाले. मात्र ज्याने आपल्यासाठी जीव गहाण ठेवला, त्याचे देणे कोणत्या खात्यातून फेडायचे? पदक स्वीकारणाऱ्या डॉनीच्या चेहऱ्यावर मला तरी आनंद दिसला नाही.