नारू, गाळणे आणि संवाद
(इंदूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजपरिवर्तनासाठी झटणाऱ्यांशी वार्तालाप करताना आम्हा प्रसिद्धी अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा आकड्यांचाच असतो : शिबिरे किती, लाभार्थी किती? लोकांनी आपले ऐकले कसे, हे विचारावयाचे राहून जाते.

आपल्या इंदूर नगरीत १९८५ साली ग्रामीण महिलांसाठी बरली संस्था स्थापन झाली. बरली म्हणजे भिल्लांच्या घराचा मधला आधारस्तंभ. श्रीमती जनक पलटा मॅकगिलिगन यांनी २०११ पर्यंत तिची धुरा वाहिली. झाबुआ जिल्ह्यात त्या काळी नारूचा उपद्रव होता. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जंतूंची पिले पाण्यात सुटत. पाण्यातील सूक्ष्म किडे ती गिळीत. ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून सुमारे वर्षाने हातभर लांब जंत बाहेर पडे. औषध नव्हतेच. कापडाने पाणी गाळणे, हा घरोघरी करता येण्याजोगा उपाय. पत्रके छापणे सोपे. पण ती वाचणार कोण? संस्थेत राहून शिकलेल्या आदिवासी मुली गावी परतल्या आणि पाणी भरणाऱ्या बायकांशी त्यांच्याच बोलीत बोलल्या. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने संस्थेला ‘ग्लोबल ५००’ सन्मान दिला. २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. त्यात शासनाच्या देशव्यापी मोहिमेचा वाटा अर्थातच मोठा.

मी लिहिलेल्या अशाच एका वृत्तात संचालकांचे नाव चारदा आले, कार्यकर्तीचे एकदाही नाही. आता मुलाखतीस जाताना मी प्रथम विहिरीवर जातो, कार्यालयात नंतर.