कलिंगड बंद, कुरमुरे चालू : माझा जीआयचा घोळ

आजचा एपिसोड छोटा आहे आणि तो माझ्याच एका चुकीवर आहे.

गेल्या उन्हाळ्यात आईची एचबीएवनसी टेस्ट ७.८ आली. म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली. मी पडलो इंजिनिअर. रात्री बसून ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे जीआयचा तक्ता शोधला, एक्सेल शीट केली आणि प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवली. ५५ पर्यंत हिरवं, ७० आणि वर लाल, मधलं पिवळं. कलिंगड सत्तरच्या वर, म्हणून बाद. आईचा कलिंगडात जीव, पण ती काही बोलली नाही. संध्याकाळच्या भुकेला काय? मी म्हटलं, कुरमुरे खा, हलके असतात. ते तक्त्यात बघायचं मला सुचलंच नाही.

आठवड्याने, भेळ खाल्ल्यावर दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा आला २४१. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "काय खाल्लंस तू?"

"अरे, तूच सांगितलेलं खाल्लं."

मग नीट वाचायला बसलो. जीआय ही कल्पना १९८१ साली टोरंटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. पद्धत अशी की, एखाद्या पदार्थातून ५० ग्रॅम कार्ब्स पोटात जातील एवढा तो खायला द्यायचा, पुढचे दोन तास रक्तातली साखर मोजत राहायची आणि शुद्ध ग्लुकोजशी तुलना करायची. ग्लुकोज म्हणजे १००.

आता इथे गंमत बघा. कलिंगडातून ५० ग्रॅम कार्ब्स मिळवायला सहाशे ग्रॅमच्या वर गर खावा लागतो, कारण ते बहुतेक पाणीच. कुरमुरे? साठ ग्रॅमही पुरतात. आणि तांदूळ तापवून फुगवला की त्यातला स्टार्च इतका मोकळा होतो की पचायला वेळच लागत नाही. जीआय ऐंशीच्या आसपास जातो. म्हणजे हलके होते ते वजनाला, साखरेला नाही!

जीआय फक्त वेग सांगतो, माल किती ते सांगत नाही. त्यासाठी ग्लायसेमिक लोड आहे : जीआय गुणिले खाल्लेले कार्ब्स, भागिले शंभर. १०० ग्रॅम कलिंगड, साधारण ८ ग्रॅम कार्ब्स, लोड येतो ६. पन्नास ग्रॅम कुरमुऱ्यांचा येतो पस्तीसच्या आसपास. दहापर्यंत कमी, वीसच्या पुढे जास्त धरतात. माझ्या शीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

दुसरं म्हणजे जीआय हा फोनच्या बेंचमार्क स्कोअरसारखा आहे, एकट्या पदार्थाचा, लॅबमधला. आपण नुसता भात खातो का? वरण, उसळ, तूप, कोशिंबीर सोबत आली की पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर हळू चढते. आइस्क्रीमचा जीआय व्हाइट ब्रेडपेक्षा कमी असतो तो त्यातल्या फॅटमुळे. म्हणून ते पथ्याचं होत नाही ना! आणि गूळ. "साखर नाही हो, गुळाचा चहा घेतो" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. काका, गूळ पण मुख्यतः साखरच आहे.

आता आमच्याकडे डॉक्टरांना विचारून एवढंच ठरलंय : भात एक वाटी, आधी काकडी आणि उसळ, मग भात. संध्याकाळी भाजलेले चणे किंवा शेंगदाणे. कलिंगड छोटी वाटीभर, रस नाही.

परवाची टेस्ट ७.१ आली. डॉक्टरांनी मध्ये गोळीही वाढवली होती, त्यामुळे किती श्रेय चण्यांचं आणि किती गोळीचं, ते मला वेगळं काढता येत नाही. फ्रिजवरची शीट मात्र आईने काढून टाकली. तिथे आता दुधाचा हिशोब लावलाय.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला.