निकाल मुख्यमंत्र्यांनाही लागू असतो



नांदेड आणि लातूर या शेजारच्या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव आणि अशोक चव्हाण, निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि बाभळगावचे विलासराव देशमुख. त्यामुळे मुख्यमंत्र्यांवर न्यायालयाचा अंमल कुठवर चालतो, हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी राहिलेला नाही. आपण तो जवळून पाहिलेला आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मुख्यमंत्री पदावर येताना शपथ घेतात, की संविधान आणि कायदा यांना धरून, कोणाचे भय, ममत्व किंवा आकस न बाळगता मी सर्व लोकांना न्याय देईन. संविधानाचे कलम 144 सांगते की देशातील सर्व मुलकी आणि न्यायिक अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्यभूत होऊन काम करावे. कलम 215 प्रमाणे उच्च न्यायालयाला आपल्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार आहे. 1971 च्या न्यायालय अवमान कायद्यात जाणूनबुजून आदेश मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. त्यात तलाठी, जिल्हाधिकारी आणि मुख्यमंत्री असा भेद केलेला नाही.

आता आपल्याकडची उदाहरणे. जून 1985 मध्ये निलंगेकर मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांच्या मुलीचे गुण वाढवल्याचा आरोप झाला आणि एक डॉक्टर उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने गुणांत फेरफार झाल्याचे म्हटले आणि मुख्यमंत्र्यांविषयी कडक शेरे मारले. ‘राजीनामा द्या’ असा हुकूम न्यायालयाने दिलेला नव्हता. तरीही मार्च 1986 मध्ये निलंगेकर पायउतार झाले आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण त्या खुर्चीवर आले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1986 च्या निकालातही ते शेरे पुसले गेले नाहीत. इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. आदेश पाळणे हे कायद्याचे बंधन आहे. शेऱ्यांची दखल घेऊन खुर्ची सोडणे ही सार्वजनिक जीवनाची रीत आहे. पहिली गोष्ट सक्तीची असते, दुसरी लोकमताच्या रेट्यावर आणि माणसाच्या चाडेवर चालते.

दुसरे प्रकरण 2006 मधले. विदर्भात सावकारीने शेतकरी गांजलेला होता. बुलढाणा जिल्ह्यात एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीच्या तक्रारी आल्या. तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या विलासरावांच्या कार्यालयातून निरोप गेला की या तक्रारी आधी जिल्हा समितीपुढे ठेवा, सरकारी वकिलाचे मत घ्या, मग पुढचे बघा. म्हणजे तक्रार ठाण्यात येऊनही गुन्हा लगेच नोंदवायचा नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याबद्दल सरकारला 25 हजार रुपये भरायला लावले. त्याविरुद्ध राज्य सरकार अपिलात गेले. 14 डिसेंबर 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम थेट दहा लाखांवर नेली. कायद्याने पोलिसांवर टाकलेले काम मुख्यमंत्र्यांना निरोप धाडून थांबवता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. पण ते दहा लाख भरायचे होते राज्य सरकारने, म्हणजे तुमच्या आमच्या करातून. ही गोष्ट मनाला लागायला हवी.

प्रत्यक्ष तुरुंगाची वेळही आलेली आहे. विलासरावांच्याच मंत्रिमंडळातील स्वरूपसिंह नाईक यांना, वनमंत्री असताना सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डावलून लाकूड कारखान्यांना परवानगी दिल्याबद्दल, मे 2006 मध्ये एक महिन्याची कैद झाली. सोबत खात्याचे प्रधान सचिवही होते. म्हणजे मंत्र्याबरोबर अधिकारीही सुटला नाही. उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याणसिंह यांना अयोध्येच्या प्रकरणात न्यायालयाला दिलेला शब्द मोडल्याबद्दल ऑक्टोबर 1994 मध्ये एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड झाला. शिक्षा एका दिवसाची होती, पण मुख्यमंत्रिपदावर असताना केलेल्या अवमानाचा जाब द्यावा लागतो, हे त्यातून पक्के झाले.

मग सरकारला निकाल पटला नाही तर काय? वाटा मोकळ्या आहेत. अपील करावे, स्थगिती मागावी, फेरविचार याचिका करावी, विधिमंडळात नवा कायदा आणावा. 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा रद्द केला, तेव्हा मराठवाड्यात किती घरांत निराशा पसरली हे सांगायला नको. या विषयावरच्या मंत्रिमंडळ उपसमितीचे अध्यक्ष तेव्हा अशोक चव्हाण होते. सरकारने फेरविचार याचिका केली, ती 2023 मध्ये फेटाळली गेली. मग 2024 मध्ये विधिमंडळाने नवा कायदा केला आणि त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. ही वाट लांबची आहे, पण कायदेशीर आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नुसते अपील केले म्हणून आदेश थांबत नाही. स्थगिती मिळेपर्यंत तो पाळावाच लागतो.

पण न्यायालयाकडे ना फौज, ना तिजोरी. निकाल अमलात आणायचा तो सरकारनेच. म्हणून सर्वांत वरच्या माणसाने टाळाटाळ केली की खालचे कार्यालय तेच शिकते. भूसंपादनाचा वाढीव मोबदला, निवृत्त शिक्षकाची पेन्शन, अनुकंपा तत्त्वावरची नोकरी, यांसाठी निकाल हातात असूनही माणसे वर्षानुवर्षे खेटे घालतात. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण उगाच पडलेली नाही.

तेव्हा तुमच्या बाजूने निकाल लागला असेल, तर इतके करा. निकालाची प्रमाणित प्रत काढा. ती अर्जासोबत संबंधित कार्यालयात द्या आणि पोच घ्या. आदेशात मुदत असेल तर ती अर्जात लिहा. ‘वरून तोंडी आदेश आहे’ असे कोणी म्हटले तर तो लेखी मागा. तरीही आदेश पाळला नाही, तर नांदेड-लातूरकरांसाठी उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. अवमान याचिका अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत करावी लागते. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारा.

आणि मत मागायला पुढारी दारात आले, की रस्ता, पाणी, विजेबरोबर हेही विचारा: न्यायालयाचा निकाल तुमच्या विरोधात गेला, तर तुम्ही तो पाळाल का?