आराखडा आणि हरकत

(नगररचना व वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शहरसुधारणेचे प्रस्ताव सादर केल्यानंतर झालेल्या समारोपाच्या भाषणाचा संपादित भाग)



आज दिवसभर आपण मांडलेले प्रस्ताव पाहिले आणि त्यांवर परीक्षकांनी व नागरिकांनी व्यक्त केलेली मतेही ऐकली. काही प्रस्तावांना शाबासकी मिळाली, तर काहींना कठोर प्रश्नांना सामोरे जावे लागले. प्रश्न संपले म्हणजे सुटलो, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, नगरनियोजनात हरकत ही आराखडा पूर्ण झाल्यानंतरची औपचारिकता नव्हे. ती आराखडा घडविण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे आणि आपल्या कायद्यांनीही तिला तसे स्थान दिले आहे. दिल्ली विकास अधिनियम, १९५७ असो वा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ असो, प्रारूप आराखडा प्रसिद्ध करणे, हरकती व सूचना मागविणे आणि त्यांचा विचार करूनच त्यास अंतिम रूप देणे, हा क्रम बंधनकारक आहे.

या तरतुदीचे सामर्थ्य पाहायचे असेल, तर नवी मुंबईचा इतिहास पाहावा. १९६४ मध्ये मुंबई महापालिकेने विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून त्यावर सूचना मागविल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तरुण व्यावसायिकांनी त्यास उत्तर देताना मूळ गृहीतकावरच प्रश्न उपस्थित केला. मुंबईची वाढ उत्तरेकडेच का व्हावी? खाडीपलीकडे, पूर्वेला नवे शहर का उभारू नये? १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाने त्यांची ही मांडणी प्रसिद्ध केली. पुढे शासनाने ही कल्पना स्वीकारली आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. एका प्रारूपावरील सूचनेतून एक संपूर्ण शहर जन्माला आले.

परंतु या कथेची दुसरी बाजू विसरता येणार नाही. नव्या शहरासाठी निश्चित केलेल्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात ९५ गावे होती. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाची तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती. मुंबईवरील ताण कमी व्हावा, हा उद्देश निश्चितच योग्य होता. मात्र ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहणार होते, त्यांचे म्हणणे प्रारंभीच्या नियोजनात पुरेसे उमटले नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन उभारले. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना या संघर्षातून पुढे आली. जी सूचना सभागृहातील सुनावणीत ऐकता आली असती, ती रस्त्यावर, प्राणांचे मोल देऊन ऐकवावी लागली.

तज्ज्ञाची सूचना आराखडा अधिक कल्पक करते, तर रहिवाशाची हरकत तो अधिक न्याय्य करते. यांपैकी एकीच्या अभावाची भरपाई दुसरीने होत नाही.

नंतरच्या कायद्यांत या अनुभवांचे प्रतिबिंब दिसते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरनियोजनाला पहिले स्थान दिले. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रांसाठी प्रभाग समित्यांची, तर महानगर क्षेत्रांसाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हितसंबंधित व्यक्तीला हरकत घेता येत होती. तथापि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक नव्हते. २०१३ च्या कायद्याने ते मूल्यमापन आणि त्यासाठीची जनसुनावणी आवश्यक ठरविली. पथविक्रेता अधिनियम, २०१४ अन्वये नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावे लागतात आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटविता येत नाही.

आता आजच्याच एका प्रस्तावाकडे वळू या. एका गटाने बाजारपेठेतील मुख्य रस्ता केवळ पादचाऱ्यांसाठी राखून ठेवावा, असे सुचविले. रेखाटने सुबक होती; झाडे, बाके, दिवे, सारे काही त्यांत होते. तेव्हा श्रोत्यांतील एका गृहस्थांनी विचारले, “हमालांनी हातगाड्या कोठून न्यायच्या आणि किती वाजता?” गटाजवळ उत्तर नव्हते. या प्रश्नामुळे प्रस्ताव बाद होत नाही. उलट त्याची पुढची पायरी स्पष्ट होते. पहाटे मालाची चढउतार, दिवसा पादचारी, अशी वेळांची विभागणी करता येईल. त्यासाठी प्रथम त्या रस्त्यावर पहाटे जाऊन उभे राहावे लागेल.

म्हणून आपल्याला एक कार्यपद्धती सुचवितो. आज मिळालेली प्रत्येक सूचना लिहून काढा. ती कोणी केली, तिच्यामागे माहिती आहे, मूल्यविचार आहे की हितसंबंध, हे नोंदवा. हितसंबंधातून आलेली हरकत कमी प्रतीची मानू नका. उपजीविका हाही हितसंबंधच आहे. नंतर प्रत्येक सूचनेपुढे ‘स्वीकारली’, ‘अंशतः स्वीकारली’ किंवा ‘अस्वीकृत’ असे लिहून त्याचे कारण द्या. सर्वांच्या सर्व सूचना मान्य करणे शक्य नसते आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु कारण न देता नाकारणे लोकशाहीत बसत नाही.

आपल्यापैकी अनेक जण स्पर्धा परीक्षांद्वारे प्रशासनात जातील. तेव्हा हरकतींचे गठ्ठे आपल्या टेबलावर येतील. काहींची भाषा अशुद्ध असेल, काही अर्ज मुदतीच्या अखेरच्या दिवशी घाईने लिहिलेले असतील. त्यांतील एखाद्या अर्जात असे एखादे घर असेल, जे आपल्या नकाशावर दाखवायचे राहून गेले आहे. तो अर्ज पूर्ण वाचणे, हे आपले कर्तव्य राहील.